मुलांचे वय, पालकांची संमती आणि मोबाइल अ‍ॅप : कायदा काय सांगतो?

मोबाइलवर नवा खेळ उतरवून घेतला की पडद्यावर जन्मवर्ष विचारले जाते. दहा वर्षांचे मूल यादी खाली सरकवून १९९५ निवडते आणि खेळ सुरू होतो. गेली अनेक वर्षे वयाची पडताळणी बहुतेक ठिकाणी एवढ्यावरच भागत आली आहे. ही पळवाट बंद करण्याचा प्रयत्न भारतासह अनेक देशांनी केला आहे. या कायद्यांत नेमके काय आहे आणि पालकांच्या वाट्याला काय येते, याचा हा आढावा.

सुरुवात अमेरिकेत
या विषयावरील पहिला महत्त्वाचा कायदा अमेरिकेने १९९८ मध्ये केला आणि तो एप्रिल २००० पासून अमलात आला. १३ वर्षांखालील मुलांची वैयक्तिक माहिती गोळा करण्यापूर्वी पालकांची पडताळता येण्याजोगी संमती घेणे त्याने बंधनकारक केले. अनेक अ‍ॅप्सवर १३ ही वयोमर्यादा दिसते, तिचे मूळ येथे आहे. मुलांची माहिती संमतीविना गोळा केल्याच्या आरोपावरून गुगल व यूट्यूबने २०१९ मध्ये १७ कोटी डॉलर भरण्याचे मान्य केले. युरोपीय संघाने २०१८ पासून ही मर्यादा १६ ठेवली, मात्र सदस्य देशांना ती १३ पर्यंत खाली आणण्याची मुभा दिली. ऑस्ट्रेलियाने त्याहून कडक पाऊल उचलले. तेथे १० डिसेंबर २०२५ पासून १६ वर्षांखालील मुलांना प्रमुख समाजमाध्यमांवर खातेच उघडता येत नाही आणि पालकांच्या संमतीनेही ही अट शिथिल होत नाही.

भारतातील तरतूद
भारतात डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा ऑगस्ट २०२३ मध्ये संमत झाला. १८ वर्षे पूर्ण न झालेली प्रत्येक व्यक्ती या कायद्याने 'बालक' मानली आहे. कलम ९ नुसार बालकाची माहिती वापरण्यापूर्वी आई-वडील किंवा कायदेशीर पालकाची पडताळता येण्याजोगी संमती घ्यावी लागेल. मुलांच्या वर्तनावर पाळत ठेवणे आणि त्यांना उद्देशून जाहिराती दाखवणे यांवरही बंदी आहे. उल्लंघन केल्यास २०० कोटी रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. शाळा, रुग्णालये, पाळणाघरे आदींना ठरावीक कारणांपुरती सवलत आहे.

कायद्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले. संमतीविषयीच्या तरतुदींसाठी कंपन्यांना त्या अधिसूचनेनुसार १८ महिन्यांची मुदत मिळाली असून ती मे २०२७ मध्ये संपते. पालक म्हणून पुढे येणारी व्यक्ती सज्ञान आहे, याची खात्री कंपनीने करायची आहे. त्यासाठी कंपनीकडे आधीच असलेली विश्वसनीय माहिती, पालकाने स्वतःहून दिलेला तपशील किंवा डिजिलॉकरसारख्या सेवेतून मिळालेले सांकेतिक टोकन वापरता येईल.

मेख कोठे आहे?
नियमांत दिलेल्या उदाहरणांची सुरुवात एकाच गृहीतकाने होते : मूल स्वतः 'मी अज्ञान आहे' असे सांगते किंवा पालक पुढे येऊन तसे कळवतात. मुलाने वय लपवले, तर पालकांकडे विचारणा होण्याचा प्रश्नच येत नाही. उलट प्रत्येकाचे वय काटेकोरपणे तपासायचे म्हटले, तर मोठ्यांनाही खेळण्यासाठी किंवा गाणी ऐकण्यासाठी ओळखपत्र दाखवावे लागेल. मुलांची माहिती जपण्यासाठी सर्वांचीच माहिती कंपन्यांच्या हाती जाण्याचा धोका त्यात आहे.

आपल्याकडे आणखी एक अडचण आहे. अनेक घरांत मूल आई-वडिलांचाच फोन वापरते. त्या फोनवरील खाते सज्ञान व्यक्तीचे असल्याने अ‍ॅपच्या दृष्टीने खेळणारेही सज्ञानच ठरते. शिवाय पडद्यावरील इंग्रजी मजकूर वाचून दाखवण्याचे काम ज्या घरात मुलाकडे असते, तेथे पालकांची संमती नेमकी कोणाची, हा प्रश्न उरतोच.

पालकांच्या हाती काय?
संमती आणि नियंत्रण या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. संमती कायद्याने मागितली जाते, ती एखाद्या अ‍ॅपपुरती असते आणि पालकांना ती मागेही घेता येते. नियंत्रण मात्र पालकांनी फोनवर स्वतः बसवायचे असते. अँड्रॉइडवर गुगलचे 'फॅमिली लिंक' आणि अ‍ॅपलच्या फोनवर 'स्क्रीन टाइम' या सुविधांतून वेळेची मर्यादा घालता येते व नव्या अ‍ॅपला परवानगी देणे किंवा नाकारणे शक्य होते. फोन सामायिक असेल, तर प्ले स्टोअरमध्ये वयोगटानुसार निर्बंध घालून त्याला पिन लावता येतो. हा पिन मुलाला ठाऊक नसावा आणि मुलाचे खाते उघडताना जन्मतारीख खरी द्यावी. कायद्याने दिलेले संरक्षण मुलाला मिळावे असे वाटत असेल, तर ते मूल असल्याचे अ‍ॅपला आधी कळायला हवे. ते कळवण्याचे काम तूर्त घरातूनच होऊ शकते.