थ्रेड : ‘काहीही असले तरी’ – कॅनडाच्या कलम ३३ची कथा

१/ कायद्याची भाषा वाचणाऱ्यांना ‘यात काहीही अंतर्भूत असले तरी’ ही शब्दावली परिचित असते. एका तरतुदीने दुसरीवर मात करावी यासाठी ती योजली जाते. कॅनडात मात्र हेच शब्द थेट नागरिकांच्या मूलभूत हक्कांवर मात करू शकतात. तेथील हक्कांच्या सनदेतील कलम ३३ सरकारांना तशी मुभा देते. क्युबेकबाहेर दीर्घकाळ जवळजवळ म्यानातच राहिलेली ही तलवार अलीकडे वारंवार का उपसली जाते, हे या थ्रेडमध्ये पाहू.

२/ आरंभ १८६७ पासून करावा लागतो. कॅनडाचे संघराज्य त्या वर्षी जन्माला आले ते ब्रिटिश संसदेच्या एका कायद्याने. १९३१च्या वेस्टमिन्स्टर कायद्याने देशाला कायदे करण्याचे स्वातंत्र्य मिळाले. पण संविधानदुरुस्तीची किल्ली लंडनमध्येच राहिली. कारण विलक्षण होते. ती किल्ली कोणाच्या हाती द्यावी, यावर ओटावाचे केंद्र सरकार आणि प्रांत यांचे एकमतच होईना.

३/ त्या जुन्या व्यवस्थेत विधिमंडळ सर्वश्रेष्ठ होते. त्याचा अर्थ अल्पसंख्याकांसाठी काय होता? टोमेकिची होम्मा हे जपानी वंशाचे रीतसर नागरिक. ब्रिटिश कोलंबिया प्रांताने १९०० साली त्यांचे नाव मतदारयादीत घेण्यास नकार दिला. प्रांतातील न्यायालयांनी होम्मांची बाजू उचलून धरली. परंतु लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलने, मताधिकार कोणाला द्यायचा हे ठरवणे प्रांताच्या अखत्यारीतले आहे, असा निर्वाळा दिला.

४/ याच प्रांताने १९०७ साली भारतीय वंशाच्या रहिवाशांचाही मताधिकार काढून घेतला. तो परत मिळाला १९४७ साली. जपानी वंशीयांना १९४९ पर्यंत थांबावे लागले. होम्मा त्याआधीच, १९४५ साली निवर्तले होते. दरम्यान दुसऱ्या महायुद्धात सुमारे २२ हजार जपानी कॅनेडियनांना किनारपट्टीवरून उठवून छावण्यांत व दूरच्या वस्त्यांत धाडण्यात आले. हे सारे ‘कायदेशीर’ होते.

५/ पंतप्रधान जॉन डीफेनबेकर यांनी १९६० साली हक्कांचा एक कायदा संमत करून घेतला. तो साधा केंद्रीय कायदा होता. प्रांतांवर बंधनकारक नव्हता. शिवाय त्यातच एक फट ठेवलेली होती. ‘हा हक्कांचा कायदा असला तरी’ असे स्पष्ट घोषित करून संसद त्याला बगल देऊ शकत असे. १९७०च्या ऑक्टोबरमधील क्युबेकच्या अपहरण-प्रकरणानंतर केलेल्या तात्पुरत्या सुव्यवस्था कायद्यात ही फट वापरली गेली. कलम ३३चे बीज येथे दिसते.

६/ क्युबेकमध्ये एव्हाना वेगळेच वारे वाहू लागले होते. फ्रेंचभाषक बहुसंख्येच्या या प्रांतात १९७६ साली रने लेवेक यांचा स्वातंत्र्यवादी पक्ष सत्तेवर आला. १९७७ साली फ्रेंच भाषेची सनद, म्हणजे प्रसिद्ध ‘विधेयक १०१’, संमत झाले. २० मे १९८०च्या सार्वमतात सुमारे ६० टक्के मतदारांनी लेवेक यांचा सार्वभौमत्वाचा प्रस्ताव फेटाळला. प्रचारात पंतप्रधान पिएर ट्रूडो यांनी आश्वासन दिले होते : संविधानाचे नूतनीकरण करू.

७/ ट्रूडो स्वतः क्युबेकचेच. संविधान मायदेशी आणायचे आणि त्यात सर्व सरकारांना बांधणारी हक्कांची सनद घालायची, हा त्यांचा ध्यास होता. प्रांत ऐकेनात, तेव्हा त्यांनी एकट्याने लंडन गाठायचे ठरवले. ओंटारिओ आणि न्यू ब्रन्स्विक हे दोनच प्रांत त्यांच्या बाजूला राहिले. उरलेले आठ विरोधात एकवटले.

८/ प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. २८ सप्टेंबर १९८१ रोजी आलेल्या निकालाने दोन्ही पक्षांना अर्धा-अर्धा विजय दिला. कायद्याच्या काटेकोर दृष्टीने केंद्र एकटे पुढे जाऊ शकते. पण प्रस्थापित घटनात्मक संकेतानुसार प्रांतांची भरीव संमती हवी. म्हणजे वाट मोकळी होती, पण तिच्यावरून चालणे अशोभनीय होते. लिखित नियम आणि अलिखित मर्यादा यांच्यातला हा फरक ध्यानात ठेवावा. पुढची सारी कथा त्याच्यावरच उभी आहे.

९/ प्रांतांचा सनदेला विरोध का? तेथील प्रीमियर, म्हणजे आपल्या परिभाषेत मुख्यमंत्री, एकाच कारणाने विरोधात नव्हते. मॅनिटोबाचे स्टर्लिंग लायन हे पुराणमतवादी. विधिमंडळाचे श्रेष्ठत्व त्यांना प्राणप्रिय. सास्काचेवानचे ॲलन ब्लेकनी डाव्या विचारांचे. न्यायाधीश उद्या हक्कांच्या नावाखाली लोककल्याणाचे कायदे मोडीत काढतील, ही त्यांची धास्ती. उजवे आणि डावे एका मुद्द्यावर मात्र एकत्र आले : अखेरचा शब्द न्यायाधीशांचा नको.

१०/ नोव्हेंबर १९८१च्या पहिल्या आठवड्यात ओटावाच्या एका जुन्या रेल्वे स्थानकात, तेव्हाच्या परिषद भवनात, शेवटची परिषद भरली. केंद्राचे न्यायमंत्री ज्याँ क्रेतियँ, सास्काचेवानचे रॉय रोमानोव आणि ओंटारिओचे रॉय मॅकमर्ट्री हे तिघे तेथील एका स्वयंपाकघरात भेटले आणि तडजोडीचे मुद्दे कागदावर उतरवले. प्रांतांना सनद मान्य. बदल्यात तिच्यातून बाहेर पडण्याची एक वाट. श्रेयाबाबत आजही वाद आहे. न्यूफाउंडलंडचे ब्रायन पेकफर्ड यांच्या मते, करार साकारला तो त्यांच्या प्रांताच्या मसुद्यातून.

११/ वाटाघाटी ४ नोव्हेंबरच्या रात्री चालू राहिल्या. लेवेक त्या रात्री नदीपलीकडे हल शहरात मुक्कामाला होते. सकाळी ते परतले तेव्हा उरलेल्या नऊ प्रांतांची केंद्राशी दिलजमाई झाली होती. क्युबेकच्या राजकीय स्मृतीत ती ‘लांब सुऱ्यांची रात्र’ म्हणून कोरली गेली. क्युबेकने त्या करारावर सही केली नाही. आजतागायत केलेली नाही.

१२/ कलम ३३ म्हणते तरी काय? संसद किंवा प्रांतिक विधिमंडळ साध्या बहुमताने घोषित करू शकते की, अमुक कायदा सनदेतील कलम २ किंवा ७ ते १५ यांत काहीही असले तरी लागू राहील. म्हणजे धर्म, अभिव्यक्ती, संघटना, अटकेपासून संरक्षण, समानता हे हक्क बाजूला ठेवता येतात. मताधिकार, देशांतर्गत संचार आणि भाषिक हक्क यांना मात्र हात लावता येत नाही.

१३/ येथे एक बारकावा. सनदेचे कलम १ हक्कांवर वाजवी निर्बंध घालू देतेच. अट एवढीच की, सरकारने न्यायालयात त्यांचे समर्थन करावे. कलम ३३ हे समर्थनच अनावश्यक करून टाकते. त्यावर एकच लगाम : घोषणा पाच वर्षांनी आपोआप संपते. विधिमंडळाची कमाल मुदतही पाच वर्षांचीच. अर्थात घोषणेचे नूतनीकरण करण्यापूर्वी सरकारला मतदारांना तोंड द्यावे लागते.

१४/ १७ एप्रिल १९८२ रोजी ओटावात राणी एलिझाबेथ यांनी घोषणापत्रावर सही केली. पावसाचे थेंब पडून कागदावर डाग उमटले. क्युबेकमध्ये लेवेक यांनी ध्वज अर्ध्यावर उतरवले. लगेच जूनमध्ये त्यांच्या विधिमंडळाने निषेध म्हणून प्रांताच्या सर्व कायद्यांना सरसकट कलम ३३चे कवच चढवले. सत्तांतर होईपर्यंत, म्हणजे १९८५ अखेरपर्यंत, प्रत्येक नव्या कायद्यातही हेच वाक्य घातले जाई.

१५/ पहिली मोठी कसोटी १९८८ची. दुकानांच्या पाट्या केवळ फ्रेंचमध्ये हव्यात, हा क्युबेकचा नियम सर्वोच्च न्यायालयाने ‘फोर्ड’ खटल्यात रद्द ठरवला. त्याच निकालात हेही सांगितले की, कलम ३३ वापरण्यासाठी स्पष्ट घोषणा पुरेशी आहे. कारणे देण्याची गरज नाही. प्रीमियर रोबेर बुरासा यांनी काही दिवसांतच कलम ३३ लावून बाहेरच्या पाट्यांवरील निर्बंध पुन्हा आणला. त्यांच्या मंत्रिमंडळातील तीन इंग्रजीभाषक मंत्र्यांनी राजीनामे दिले.

१६/ किंमत मोठी पडली. क्युबेकला संविधानात सन्मानाने सामील करून घेण्यासाठी झालेल्या मीच लेक करारातून मॅनिटोबाने लगोलग हात आखडता घेतला. १९९० साली तो करार कोसळला. १९९३ साली संयुक्त राष्ट्रांच्या मानवी हक्क समितीने पाट्यांवरील बंदीला अभिव्यक्तिस्वातंत्र्याचा भंग म्हटले. त्याच वर्षी पाच वर्षांची मुदत संपत असताना बुरासा यांनी नूतनीकरण टाळले आणि फ्रेंचला ठळक प्राधान्य देऊन अन्य भाषांना मुभा दिली. मुदतीचा लगाम येथे खरोखर लागला.

१७/ दुसरी कसोटी अल्बर्टाची. या प्रांतात १९२८ ते १९७२ या काळात ‘मतिमंद’ ठरवलेल्या सुमारे २,८०० लोकांची कायद्याने नसबंदी करण्यात आली होती. त्यांपैकी लेइलानी म्यूर यांनी १९९६ साली सरकारविरुद्ध खटला जिंकला. मग इतर बळीही पुढे आले. मार्च १९९८ मध्ये प्रीमियर राल्फ क्लाइन यांच्या सरकारने भरपाईवर मर्यादा घालणारे विधेयक आणले आणि त्याला कलम ३३चे कवच दिले. जनक्षोभ एवढा उसळला की दुसऱ्याच दिवशी ते मागे घ्यावे लागले.

१८/ या प्रसंगात विधेयक कोणत्याही न्यायालयाने रोखले नाही. रोखले ते लोकलाजेने. मराठीत म्हण आहे, ‘जनाची नाही तर मनाची’. कलम ३३चा खरा पहारेकरी संविधानाच्या मजकुरात नव्हताच. हक्कांना उघडपणे बाजूला सारणारे सरकार मतदारांच्या नजरेतून उतरेल, या भीतीत तो होता. केंद्रीय संसदेने तर हे कलम आजवर एकदाही वापरलेले नाही.

१९/ पण बहुसंख्य मतदारांनाच तो कायदा हवा असेल तर? जून २०१९ मध्ये क्युबेकने ‘विधेयक २१’ संमत केले. सरकारी शाळांतील शिक्षक, पोलीस, सरकारी वकील यांना कामावर असताना पगडी, हिजाब, किप्पा, क्रूस अशी धार्मिक चिन्हे धारण करण्यास मनाई झाली. आधीपासून नोकरीत असलेल्यांना त्याच पदावर असेपर्यंत सूट मिळाली. कलम ३३ मात्र न्यायालयाच्या निकालानंतर नव्हे, तर पहिल्याच दिवशी, आगाऊ लावले गेले.

२०/ या आगाऊपणाचा परिणाम खोल आहे. २०२१ साली क्युबेकच्या वरिष्ठ न्यायालयाने मुस्लिम स्त्रियांवर या कायद्याचा विशेष भार पडतो, याची नोंद घेतली. तरीही कलम ३३मुळे बहुतांश कायदा टिकवला. फेब्रुवारी २०२४ मध्ये अपील न्यायालयानेही तो उचलून धरला. त्याच वर्षी पाच वर्षांची मुदत संपत आली, तेव्हा क्युबेकने घोषणेचे नूतनीकरण केले. मधल्या निवडणुकीत, २०२२ साली, तेच सरकार अधिक मोठ्या बहुमताने परतले होते. लगाम होता, मतदारांनी तो ओढला नाही.

२१/ पायंडा पसरला. नोव्हेंबर २०२२ मध्ये ओंटारिओने सुमारे ५५ हजार शालेय कर्मचाऱ्यांचा संप या कलमाच्या आधारे बेकायदा ठरवला. कामगार संघटनांनी व्यापक संपाचा इशारा देताच तो कायदा रद्द झाला. २०२३ साली सास्काचेवानने शाळेतील मुलांच्या नावा-सर्वनामांबाबतच्या कायद्यासाठी, तर ऑक्टोबर २०२५ मध्ये अल्बर्टाने सुमारे ५१ हजार शिक्षकांचा संप मोडण्यासाठी हेच कलम वापरले. २०२५च्या केंद्रीय निवडणुकीत विरोधी पक्षनेते पिएर पोलिएव यांनी, अनेक खून करणाऱ्यांना एकापाठोपाठ एक शिक्षा भोगायला लावण्यासाठी ते प्रथमच केंद्रात वापरण्याचे वचन दिले होते.

२२/ समर्थकांचा युक्तिवाद उथळ नाही. न्यायाधीशांना कोणी निवडून देत नाही. त्यांचीही चूक होऊ शकते. संप करण्याचा हक्क सनदेत अंतर्भूत असल्याचे सर्वोच्च न्यायालयाने २०१५ साली ठरवले. त्याआधी त्याच न्यायालयाची भूमिका उलट होती. मग अखेरचा शब्द त्यांचाच का? शिवाय जी सनद क्युबेकच्या संमतीविना आली, तिच्यातून बाहेर पडण्याची वाटही काढून घेणे म्हणजे १९८१चा करारच मोडणे, असे तेथील अनेकांना वाटते.

२३/ ‘विधेयक २१’ आता कॅनडाच्या सर्वोच्च न्यायालयापुढे आले आहे. सप्टेंबर २०२५ मध्ये केंद्र सरकारने तेथे मांडलेली भूमिका अशी : घोषणेचे वारंवार नूतनीकरण करून एखादा हक्क कायमचा निष्प्रभ केला, तर ती आडमार्गाने केलेली संविधानदुरुस्तीच ठरते. कलम लावले असले तरी हक्काचा भंग झाला की नाही, हे न्यायालय निदान सांगू शकते का, हाही कळीचा प्रश्न आहे. तसे सांगता आले, तर मतदार निदान डोळे उघडे ठेवून मत देतील.

२४/ स्वयंपाकघरातील तडजोड मूर्खांची नव्हती. तिच्या शिल्पकारांनी गृहीत धरले होते की, हक्क बाजूला सारताना सरकारांना संकोच वाटेल. नियम लिहिता येतो; संकोच लिहिता येत नाही. तो प्रत्येक पिढीने स्वतःच्या वर्तनाने जपावा लागतो. होम्मांच्या काळी बहुमताला संकोच नव्हता, म्हणूनच पुढे सनदेची गरज भासली. आज प्रश्न एवढाच आहे की, तो संकोच पुन्हा ओसरला तर ज्याची संख्या कमी आहे त्याने दाद कोणाकडे मागावी? तुम्हाला काय वाटते, ते उत्तरात अवश्य लिहा.