घोडा हरतो तो रस्त्यावर



मानेसरला आमच्या घरापासून दिल्ली-जयपूर महामार्ग जवळच आहे. थंडी पडली, की एखाद्या पहाटे घोडे नेणारे लष्करी ट्रक दिल्लीकडे जाताना दिसतात. प्रजासत्ताक दिनाच्या संचलनात 61 कॅव्हलरी असते आणि तिचं ठाणं जयपूरला आहे. ट्रक दिसला की माझी नजर आधी एका गोष्टीकडे जाते. घोड्याची मान किती आखडून बांधली आहे? ही सवय मला का लागली, ते शेवटी सांगतो. आधी थोडा इतिहास.

घोडेस्वारीत इव्हेंटिंग नावाचा प्रकार आहे. एकच स्वार, एकच घोडा आणि तीन परीक्षा. पहिली ड्रेसाज, म्हणजे घोडा किती शिस्तीत चालतो ते. दुसरी क्रॉस-कंट्री, म्हणजे माळ, चढ-उतार, पाणी आणि पक्के अडथळे पार करत दौड. तिसरी शो जंपिंग, म्हणजे नुसता धक्का लागला तरी पडणाऱ्या दांड्यांवरून उड्या.

हा खेळ रिसाल्याच्या गरजेतून जन्मला. संचलनात शोभेल, दूरचा निरोप पोचवेल आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा कामाला उभा राहील, असा घोडा सैन्याला हवा होता. म्हणूनच युरोपात या खेळाला कित्येक वर्षं ‘मिलिटरी’च म्हणत. 1912 च्या स्टॉकहोम ऑलिंपिकमध्ये तो आला, तेव्हा त्यात फक्त सेवेतले लष्करी अधिकारी उतरू शकत. ऑलिंपिकच्या इव्हेंटिंगमध्ये स्त्रिया आल्या त्या 1964 मध्ये.

दुसऱ्या दिवशीच्या दौडीआधी पूर्वी घोड्याला कित्येक किलोमीटरचा रस्ता दुडक्या चालीने कापावा लागे. म्हणजे रस्ता हाच परीक्षेचा भाग होता. 2004 च्या अथेन्स ऑलिंपिकपासून तो टप्पा गेला. मैदानातला रस्ता संपला, पण मैदानापर्यंतचा रस्ता लांबत गेला.

रस्त्याने घोडा हरतो, हे आपल्याला नवीन नाही. मराठी फौजेत शिलेदार स्वतःचा घोडा आणी, बारगीर सरकारी पागेतल्या घोड्यावर बसे. पण चंदी आणि वैरण दोघांच्याही घोड्यांना लागेच. ज्या पानिपतावर हे उमगलं, ते इथून काही तासांच्या अंतरावर आहे. रसद तुटली, जनावरं उपाशी मरू लागली आणि 14 जानेवारी 1761 ला भाऊसाहेबांची फौज खंगलेल्या घोड्यांनिशी लढायला निघाली.

स्वतंत्र भारतात या खेळाची ज्योत मुख्यतः फौजेनेच जपली. 1982 च्या दिल्ली आशियाई स्पर्धेत घोडेस्वारी पहिल्यांदाच आली. तिथे 61 कॅव्हलरीच्या रघुबीर सिंग यांनी इव्हेंटिंगचं वैयक्तिक सुवर्ण जिंकलं आणि संघालाही सुवर्ण मिळालं. 1996 मध्ये अटलांटा ऑलिंपिकला इंद्रजित लांबा गेले, 2000 मध्ये सिडनीला मुंबईचे इम्तियाज अनीस. त्यानंतर थेट वीस वर्षांची पोकळी. 2021 मध्ये टोकियोला फौआद मिर्झा ‘सेन्यूर मेडिकॉट’ या घोड्यासह अंतिम फेरीत पोचले आणि 23 वे आले. त्यांची तयारी मात्र जर्मनीत झाली होती.

स्वार परदेशात का राहतो? कारण स्वाराला पासपोर्ट पुरतो, घोड्याला विलगीकरण आणि रोगमुक्तीचे दाखले लागतात. 1956 चं ऑलिंपिक मेलबर्नला होतं, पण ऑस्ट्रेलियाच्या कडक नियमांमुळे घोडेस्वारीच्या स्पर्धा स्टॉकहोमला घ्याव्या लागल्या. आपल्याकडूनही याच कारणाने घोडे बाहेर नेणं फार कठीण होतं. परवडेल त्याने युरोपात घोडा ठेवावा. इथल्या पागेत घोडा तयार करणाऱ्या जवानाने काय करावं? म्हणून मला एका बातमीने फार बरं वाटलं. जुलै 2025 मध्ये मेरठ छावणीतल्या आरव्हीसी केंद्राच्या रोगमुक्त अश्व विभागाला जागतिक पशुआरोग्य संघटनेची मान्यता मिळाली. इथला घोडा बाहेर जाण्याची वाट आता उघडू लागली आहे.

आता माझी गोष्ट. मी तेव्हा तरुण कॅप्टन होतो. राजस्थानातल्या एका छावणीतून सहा घोडे घेऊन स्पर्धेला दिल्लीकडे निघालो होतो. आमच्याबरोबरचा सईस, आपल्या जुन्या मराठीत मोतद्दार, फलटणकडचा होता. रात्री तो म्हणाला, “साहेब, चार तास झाले. ट्रक थांबवा, दोर सैल करू. घोड्यांना मान खाली घालू द्या, पाणी दाखवू.” मला वेळेत पोचायचं होतं. “पोचल्यावर बघू,” असं म्हणून मी गाडी पुढे काढली. पुढेही थांबलो नाही.

घोड्याची मान तासन्‌तास वर बांधलेली राहिली, की श्वासनळीतली घाण खाली निचरत नाही. ती फुप्फुसात उतरते आणि ताप येतो. आमच्या सर्वांत चांगल्या घोड्याने ड्रेसाज केलं, क्रॉस-कंट्रीही ओढत-ओढत पूर्ण केली. तिसऱ्या दिवशी सकाळी पशुवैद्यांच्या तपासणीत त्याला अंगात ताप निघाला आणि तो बाद झाला. त्याचा स्वार, एक दफादार, दोन वर्षं त्या स्पर्धेची तयारी करत होता. तो मला एक शब्दही बोलला नाही. सईसही बोलला नाही. तो घोड्याला खरारा करत राहिला. घोडा वाचला, पण पुन्हा त्या ताकदीने धावला नाही.

विजेत्यांच्या यादीत सईसाचं नाव कधीच नसतं. पण घोडा तिथवर धडधाकट पोचतो तो त्याच्यामुळे. तुमच्या ओळखीत कुणी फौजेत घोड्यांबरोबर नोकरी केली असेल, तर त्याला एकदा बोलतं करा. ती माहिती पुस्तकात नाही.

महामार्गावर ट्रक दिसला, की मी आजही आधी दोराकडे बघतो.

जय हिंद.