किन्हईचे पंत आणि सँडोची टेप

कोरेगाव तालुक्यातले किन्हई हे पंतप्रतिनिधींचे मूळ गाव. त्याच घराण्यातल्या औंधच्या भवानरावांनी (१८६८-१९५१) संस्थानच्या शाळांत सूर्यनमस्कार सक्तीचे केले, हे बहुतेकांना ठाऊक असते. मला मात्र त्याआधीची दहा वर्षे अधिक बोलकी वाटतात. त्यांनीच लिहिल्याप्रमाणे १८९७ साली त्यांनी युजेन सँडोची सारी उपकरणे, पुस्तके विकत घेतली आणि दहा वर्षे नेमाने तो व्यायाम केला. तिथे टेप लावून छातीचा, दंडाचा घेर मोजायचा. डोळ्यांसमोर देह छायाचित्रातल्या सँडोचा. (ते पोस्टकार्ड आज मोबाइलमध्ये गेले, इतकेच.)

पुढे ते नमस्कारांकडे वळले. त्याला उपकरण लागत नाही, आणि मोजायची ती नमस्कारांची संख्या. थोर-लहान, स्त्री-पुरुष, सर्वांनी घालावेत असा पंतांचा आग्रह, राणीसाहेबही घालीत. १९३८ साली लंडनहून निघालेल्या पुस्तकाने ही पद्धत इंग्रजी वाचकांपर्यंत नेली.

याला स्वतःच्या देहावरचे प्रेम म्हणावे का? माझा हात अडखळतो. पंतांना सुदृढ प्रजा हवी होती, आणि औंधच्या शाळेतल्या पोराला ‘आज नको’ म्हणायची सोय नव्हती.