‘ओ.एस.’ सातशे

आमच्या घरात एक चिठ्ठी तीन पिढ्या जपली गेली, ती रागापोटी. 1345 फसलीतली, म्हणजे 1935-36 सालची. आजोबांनी हिंगोलीच्या एका आडत्याला कापूस घातला, त्याची ही इंग्रजी पावती. वर ‘आय.जी. 600’, खाली ‘ओ.एस. 700’. आजोबा गेल्यावर ती बँकेत कारकून असलेल्या काकांच्या हाती पडली. हिशेबाच्या इंग्रजीत ओ.एस. म्हणजे आउटस्टँडिंग, येणे बाकी. सहाशे मिळाले, सातशे बुडाले! तेव्हापासून त्या आडत्याच्या घरचे पाणीही आम्ही वर्ज्य केले.

मला ओ.एस. ठाऊक होता तो इंग्रजी इतिहासग्रंथांतला : ‘ओल्ड स्टाइल’, 1752मध्ये इंग्लंडने 11 दिवस गाळून सोडलेली जुनी कालगणना. पण तो तारखेशी येतो, इथे तर रकमेच्या आधी होता. मुलगी म्हणाली, ऑपरेटिंग सिस्टिम.

उलगडा झाला तो निजामी अमदानीचे जमाखर्च चाळताना. तिथे पानोपानी रकमांआधी हीच अक्षरे. ओ.एस. म्हणजे उस्मानिया सिक्का, मीर उस्मान अली खानांच्या हैदराबाद संस्थानचा रुपया. नाण्यावर चारमिनार, नोटेवर उर्दू-इंग्रजीबरोबर मराठी, तेलुगू आणि कन्नडही. आपली जुनी माणसे त्याला ‘हाली’ म्हणत. आय.जी. म्हणजे इंडियन गव्हर्न्मेंटचा, इंग्रजी रुपया, तो ‘कलदार’. हाली सात दिले की कलदार सहा. शंभर कलदारांना हाली 116 रुपये, 10 आणे, 8 पै. कन्हेरगाव नाका ओलांडून वाशीमच्या वाटेला लागले की वऱ्हाड, तिथे कलदार चाले. आपल्याकडच्या शेतकऱ्याला हा हिशेब तोंडपाठ असणारच. विसरलो ते आपण. हाली रुपया 1959पर्यंत कायदेशीर चलन होता, म्हणजे काकांनीही तो हाताळला असणार. पण ‘हाली’ त्यांच्या ओळखीचा, ‘ओ.एस.’ नव्हे.

सहाशे कलदार म्हणजे बरोबर सातशे हाली. एकच रक्कम, दोनदा लिहिलेली. मुंबईचा भाव कलदारात, हातावर पैसे हालीत, एवढाच अर्थ असावा. बाकी काहीच नव्हती.

काका हे ऐकायला राहिले नाहीत. काकूंना सगळे समजावून सांगितले, कागदावर गुणाकार-भागाकार करून दाखवला. त्यांनी चष्मा काढून ठेवला आणि म्हणाल्या, “अन् आजवर त्या घरच्या दोन लग्नांना आपण गेलो न्हाई, त्याचं काय?”