रॉन्डाच्या बायका आणि अंघोळीचं पाणी

कोळशाच्या खाणीतून आलेल्या माणसाला अंघोळीला पाणी किती लागत असेल? अंगाला, केसांना, कानापर्यंत काळी भुकटी. आता असे एकाच घरात तिघे धरा: नवरा, मोठा मुलगा आणि भाड्यानं ठेवलेला एखादा खाणकामगार. तिघांच्या पाळ्या वेगळ्या. म्हणजे दिवसातून तीन वेळा चुलीवर पाणी चढवायचं, उकळलेलं जड भांडं उचलायचं, चुलीपुढे पत्र्याची टोपली मांडून त्यात ओतायचं, अंघोळ झाली की तेच काळं पाणी उपसून बाहेर टाकायचं. मग फरशी पुसायची, कपडे झटकायचे, जेवण वाढायचं. पहाटेच्या पाळीसाठी उठायचं ते वेगळंच. वेल्सच्या दक्षिणेकडे रॉन्डा नावाचं खोरं आहे. तिथल्या बायका शंभर वर्षांपूर्वी असं जगत होत्या.

बंब तापवणाऱ्या आपल्या आज्यांना यातलं बरंच ओळखीचं वाटलं असतं. पण मला आज सांगायचंय ते त्या पाण्यावरून आणि आईपणावरून तिथल्या बायकांमध्येच झालेल्या भांडणाबद्दल. भांडण बायकांच्या बाजूनं बोलणाऱ्या बायकांचं होतं, म्हणून मला ते जास्त महत्त्वाचं वाटतं.

एलिझाबेथ अँड्र्यूज यांचा जन्म १८८२ मधला. खाणकामगाराची मुलगी, अकरा भावंडांतली एक. शाळा लवकर सुटली, घर सांभाळलं, मग शिवणकाम शिकल्या. १९१९ मध्ये लेबर पक्षाच्या वेल्समधल्या पहिल्या महिला संघटक झाल्या. त्याच वर्षी सरकारनं कोळसा खाणींच्या चौकशीसाठी सँकी आयोग नेमला. त्यापुढे तीन खाणकामगारांच्या बायकांनी साक्ष दिली. एक इंग्लंडमधली, एक स्कॉटलंडची आणि वेल्सकडून अँड्र्यूज. आयोग बसला होता लंडनला, हाउस ऑफ लॉर्ड्सच्या इमारतीत. त्या भारदस्त दालनात ही बाई उभी राहिली आणि अंघोळीच्या पाण्याबद्दल बोलली. खाणीच्या तोंडाशीच स्नानगृहं बांधा, माणसं धुऊन, कपडे बदलून घरी येऊ देत, एवढं तिचं मागणं. कारण काय दिलं? पाण्याची जड भांडी उचलून बायकांचे दिवस भरण्याआधीच बाळंतपण होतं. हे ती अनुभवी सुईणीच्या सांगण्यावरून बोलली. शिवाय उकळतं पाणी घरभर, त्यात लहान मुलं भाजतात ती निराळीच.

गंमत म्हणजे स्नानगृहाला खाणकामगारांचाच विरोध कमी नव्हता. पाठ धुतली की कंबर कमजोर होते असा समज होता. चार लोकांत उघडं होण्याची लाज होती. आणि घरी चुलीपुढे आयतं गरम पाणी मिळतंय, बायको पाठ चोळून देतेय, मग कशाला हवंय दुसरं! १९२० च्या कायद्यानं खाणीतून निघणाऱ्या दर टनामागे एक पेनी कामगार कल्याणासाठी बाजूला काढायचं ठरलं, आणि पुढच्या वीस वर्षांत स्नानगृहं हळूहळू उभी राहिली.

आता दुसरी बाई. तिचं नावच मुळी खोऱ्यावरून, लेडी रॉन्डा. मूळ नाव मार्गारेट हेग थॉमस, जन्म १८८३. म्हणजे दोघी जवळपास एका वयाच्या. हिचे वडील डी. ए. थॉमस हे खाणमालक, केंब्रियन कंपन्यांचे सर्वेसर्वा. १९१० मध्ये त्यांच्याच खाणींत मजुरीवरून तंटा पेटला, टोनीपँडीला दंगल झाली, आणि कामगारांची घरं कित्येक महिने अर्धपोटी राहिली. मुलगी मात्र त्या काळात मताधिकारासाठी लढत होती. १९१३ मध्ये तिनं न्यूपोर्टला टपालपेटीला आग लावली, दंड भरायला नकार दिला, तुरुंगात गेली, तिथे उपोषण केलं. १९१५ मध्ये लुसिटेनिया जहाज बुडालं त्यातूनही वाचली. वडील १९१८ मध्ये गेल्यावर किताब आणि कंपन्या दोन्ही हिच्याकडे आलं. मूलबाळ नव्हतं. १९२० मध्ये तिनं ‘टाइम अँड टाइड’ हे साप्ताहिक काढलं आणि १९२१ मध्ये ‘सिक्स पॉइंट ग्रुप’ ही संघटना.

खाणमालकाची लेक, तिला काय कळणार आईचं दुःख, असं म्हणून मोकळं होणं सोपं आहे. पण तिच्या सहा मागण्या पाहिल्या तर पहिल्या चार मुलांच्या आणि आयांच्याच आहेत: मुलांवरच्या अत्याचाराविरुद्ध कायदा, विधवा आईला आधार, अविवाहित आई आणि तिच्या मुलाला आधार, आणि मुलांच्या पालकत्वात आईला बापाइतका हक्क. उरलेल्या दोन, शिक्षिकांना समान पगार आणि सरकारी नोकरीत समान संधी.

मग बिनसलं कुठे? कायद्यानं बाईकडे आई म्हणून बघावं की नाही, इथे.

१९२० नंतरच्या त्या वर्षांत एलिनॉर रॅथबोन आणि त्यांच्या बरोबरच्या बायका म्हणू लागल्या की पुरुषाला जे मिळतं तेच बाईला द्या, एवढ्यानं भागणार नाही. आई घरात जे काम करते त्याचे पैसे सरकारनं थेट आईच्या हाती द्यावेत, संततिनियमनाची माहिती मिळावी. लेबर पक्षातल्या बायकांना तर कारखान्यातल्या बायकांसाठी रात्रपाळीबंदीसारखे संरक्षण देणारे कायदेही हवे होते. लेडी रॉन्डाच्या बाजूच्या बायकांना यात धोका दिसत होता. आज रात्रपाळी नको म्हणाल, उद्या ही नोकरीच बाईला झेपत नाही म्हणतील. त्यांनी १९२६ मध्ये ‘ओपन डोअर कौन्सिल’ काढली. नियम हवेत तर कामाप्रमाणे करा, बाई की पुरुष ते बघून करू नका, हा त्यांचा मुद्दा.

आणि ते वर्ष कोणतं! १९२६ च्या मे महिन्यात मालकांनी खाणींना टाळं ठोकलं ते सहा-सात महिने. लंडनमध्ये लेबर पक्षाच्या बायकांनी खाणकामगारांच्या बायकामुलांसाठी मदत समिती काढली, आणि गर्भार व अंगावर पाजणाऱ्या बायकांचा विचार तिनं आधी केला. घरात दाणा नसलेल्या बाळंतिणीला समान संधीचं व्याख्यान कसं ऐकू यावं? इथे माझं मन पूर्णपणे अँड्र्यूजबाईंच्या बाजूला जातं. ज्या बाईला चुलीवरचं भांडं कधी उचलावंच लागलं नाही, तिला संरक्षण म्हणजे बेडी वाटणं साहजिक आहे.

पण याच रॉन्डात चार वर्षं आधी, १९२२ मध्ये, एक गोष्ट घडली होती, आणि तिच्यापाशी मी दर वेळी अडखळते. तिथल्या परिषदेनं साठेक विवाहित शिक्षिकांना कामावरून काढून टाकलं. त्यांच्या शिकवण्यात काही खोट नव्हती. त्यांचं लग्न झालेलं होतं, इतकंच. शिक्षिका कोर्टात गेल्या. १९२३ मध्ये निकाल त्यांच्या विरुद्ध लागला. अशा वेळी जी कारणं दिली जात ती आपल्यालाही तोंडपाठ आहेत: एका घरात दोन पगार कशाला, नवरा मिळवतोय ना, तरण्याताठ्या बेकार पोरींना जागा करून द्या, आणि आईची जागा घरात. बेकारी खरीच होती. शिकून घरी बसलेल्या मुलींनाही ती नोकरी हवी होती. म्हणजे बाईची भाकरी काढून बाईलाच द्यायची, वर आईपणाचा मान राखल्यासारखं दाखवायचं. लेडी रॉन्डाला ज्याची भीती होती ते नेमकं हेच. आई म्हणून वेगळं काढलं, की दाराबाहेर काढायलाही तेच कारण पुरतं. तिचं साप्ताहिक अशा बंदीविरुद्ध ठामपणे लिहीत राहिलं.

खोऱ्यातल्या बायकांचे हाल मात्र थांबले नव्हते. १९३४ मध्ये रॉन्डात दर हजार बाळंतपणांमागे अकराहून अधिक आया दगावत होत्या. गर्भार बायकांना सकस अन्न वाटण्याची योजना तिथे आली, तीही लेडी र्‍हिस-विल्यम्स या दुसऱ्या एका श्रीमंत बाईच्या पुढाकारानं. घेणाऱ्या बायकांनी ती घेतली. पोटात मूल असताना डबा कोणाच्या घरून आलाय हे कोण विचारत बसतं?

लेडी रॉन्डाचंही एक दार बंदच राहिलं. किताब वारशानं आलेला, पण बाई म्हणून हाउस ऑफ लॉर्ड्समध्ये बसता येईना. १९२२ मध्ये तिनं हक्क मागितला, समितीनं आधी होकार दिला आणि मग फिरवला. अँड्र्यूज ज्या इमारतीत साक्षीला उभ्या राहिल्या, तिथे ही खुर्ची मागत होती. मिळाली नाहीच. १९५८ मध्ये तहहयात सरदारकी मिळालेल्या बायकांना प्रवेश खुला झाला, त्याच वर्षी ती गेली, आणि वारशानं किताब आलेल्या बायकांना तर १९६३ पर्यंत थांबावं लागलं.

शिक्षिकांवरची विवाहबंदी १९४४ च्या शिक्षण कायद्यानं उठली. पुढच्याच वर्षी कुटुंबभत्त्याचा कायदा झाला: पहिलं मूल सोडून प्रत्येक मुलामागे आठवड्याला पाच शिलिंग. मसुद्यात हे पैसे बापाच्या नावे होते. रॅथबोन संसदेत अडून बसल्या तेव्हा ते आईच्या नावे झाले. १९४६ च्या ऑगस्टपासून रॉन्डातल्या बायका पोस्टाच्या खिडकीशी पुस्तक घेऊन रांगेत उभ्या राहू लागल्या, आणि ती रक्कम घ्यायला नवऱ्याची सही लागत नव्हती.