जादू आणि त्याच्या घराण्याचे कार्टूनपट

जादू : ‘कोई... मिल गया’ (८ ऑगस्ट २००३) या हिंदी विज्ञानपटातील परग्रहवासी पात्र. निर्माते व दिग्दर्शक राकेश रोशन, निर्मितीसंस्था फिल्मक्राफ्ट. या चित्रपटातून पुढे ‘क्रिश’ (२००६) आणि ‘क्रिश ३’ (२०१३) निघाले आणि हिंदीत एरवी दुर्मीळ असलेली विज्ञान-चित्रपटमाला उभी राहिली. मालेला दोन अ‍ॅनिमेशन शाखा फुटल्या : निकलोडियन वाहिनीवरील ‘जे बोले तो जादू’ (२००४) आणि कार्टून नेटवर्कवरील ‘किड क्रिश’ (२०१३ पासून). मूळ सिनेमावर जीव असलेला प्रेक्षक अशा हलक्याफुलक्या जोडकथेकडून काय मागतो, हे या दोन शाखांवरून चांगले कळते. तो हसायला तयार असतो. कथेने स्वतः घालून दिलेले नियम मोडले, की मात्र त्याचा पारा चढतो.

मूळ कथा मुंबईत घडत नाही, कसौलीत घडते. शास्त्रज्ञ संजय मेहरा ‘ओम’च्या ध्वनीपासून तयार केलेले संदेश संगणकावरून अंतराळात पाठवत असतो. पुढे अनेक वर्षांनी त्याचा मुलगा रोहित, ज्याची बौद्धिक वाढ लहान मुलाइतकीच राहिली आहे, तोच संगणक चालवून बसतो. यान येते आणि घाईघाईत परत जाताना एकाला मागे सोडते. निळसर कातडीचा, टपोऱ्या डोळ्यांचा हा पाहुणा म्हणजे जादू. त्याचा पोशाख ऑस्ट्रेलियाच्या जेम्स कोल्मर यांनी घडवला आणि त्या अवजड सोंगाच्या आत इंद्रवदन पुरोहित (मृत्यू २०१४) हे ठेंगण्या चणीचे नट होते. ‘ई. टी.’ या हॉलिवूडपटाशी असलेले साम्य तेव्हाच सर्वांच्या डोळ्यांत भरले होते, त्या ‘ई. टी.’च्या आधी सत्यजित राय यांनी १९६७ मध्ये ‘द एलियन’ची पटकथा लिहून ठेवली होती, हेही जाणकारांनी लगेच आठवून दिले. तो वाद इथे नको.

इथे महत्त्वाची आहे ती जादूची अट. त्याची शक्ती उन्हातून येते. ऊन असेल तर तो काहीही करील, नसेल तर मान टाकील. ‘धूप’ हा त्याचा शब्द आजही दर हिवाळ्यात विनोदी चित्रांवर चिकटवून फिरवला जातो. पटकथा या अटीवरच उभी आहे आणि गंमतही तिच्यातूनच येते : बास्केटबॉलच्या सामन्यात रोहितच्या बाजूची चिमुरडी पोरे जादूच्या जोरावर हवेत उडून थोराड खेळाडूंना नमवतात. शिवाय जॉनी लिव्हरचा चेलाराम आहेच. विनोद मूळ सिनेमातच इतका होता, की कार्टून काढायचे ठरल्यावर कुणाला ते विपरीत वाटण्याचे कारण नव्हते.

‘जे बोले तो जादू’ मुंबईच्या ग्राफिटी मल्टिमीडियाने तयार केली. भारतीय अ‍ॅनिमेशनचे जनक मानले जाणारे राम मोहन (१९३१–२०१९) याच संस्थेच्या प्रमुखपदी होते. ‘बोले तो’ नावातच आल्यामुळे कसौलीच्या धुक्यातला पाहुणा एकदम अंधेरी-घाटकोपरच्या नाक्यावर येऊन उभा राहिला. ही युक्ती चांगली होती, पण सिनेमा पाहिलेल्याच्या मनात पहिला प्रश्न वेगळाच येणार : जादू तर यानात बसून निघून गेला होता, मग हा परत आला कसा? आणि रोहितचे काय? मुलांच्या वाहिनीला असे प्रश्न परवडत नाहीत. तिचा प्रेक्षक शाळेतून येऊन टीव्ही लावणारा असतो. त्याने सिनेमा पाहिला आहे असे गृहीत धरता येत नाही, आणि कालचा भाग चुकला तरी आजचा कळला पाहिजे. थोडक्यात, मालिका एकासाठी बनते आणि तिच्यावर हक्क सांगतो दुसराच. उपनगरातल्या दोन खोल्यांच्या घरात हे दोघे बहुधा सख्खे भाऊ असायचे आणि रिमोट एकच, ही गोष्ट वेगळी.

‘किड क्रिश’च्या वेळी हा पेच अधिक उघडा पडला. ‘क्रिश’ पाहिलेल्यांना सर्कशीचा प्रसंग विसरता येणार नाही. रोहितचा मुलगा कृष्णा अचाट शक्ती घेऊन जन्मतो. मुलगा रोहित गमावला असे समजणारी आजी सोनिया नातवाला डोंगरातल्या आडगावी नेऊन वाढवते आणि त्याच्याकडून शब्द घेते : ही शक्ती कुणाला दाखवायची नाही. कृष्णा तरुण होतो, सिंगापूरला जातो; तिथे ग्रेट बॉम्बे सर्कशीला आग लागते. आत मुले अडकलेली आहेत आणि आजीला शब्द दिलेला आहे. तो पायाशी पडलेला मोडका मुखवटा उचलून चेहऱ्यावर चढवतो आणि आगीत शिरतो. लोकांना वाचवणारा कृष्णा नाही, दुसराच कोणी आहे. म्हणजे शब्दही मोडला नाही. क्रिश जन्माला येतो तो त्या घटकेला, मिसरूड फुटून बरीच वर्षे झाल्यावर. तेव्हा शाळकरी वयाचा, मुखवटा घातलेला क्रिश मूळ कथेच्या हिशेबात बसूच शकत नाही.

फिल्मक्राफ्टबरोबर हे कार्टूनपट तिरुवनंतपुरमच्या टून्झने केले. ‘मिशन भूतान’, ‘मिस्ट्री इन मंगोलिया’, ‘शकालाका आफ्रिका’ ही नावेच सांगतात, की भर देशोदेशीच्या मोहिमांवर आहे. मुलांना ते पुरते. सिनेमाच्या चाहत्याने याला निराळ्या विश्वातली कथा मानून सोडून द्यावे, हा एक मार्ग. पण या नोंदकर्त्याच्या मते विनोदाचा खरा साठा त्या आजीच्या अटीतच आहे. अंगात वाऱ्याचा वेग असलेला पोरगा, वर्गात धावण्याची शर्यत, आणि जिंकायचे नाही असे घरून बजावलेले. यापेक्षा सोपा आणि न संपणारा मसाला कार्टून लिहिणाऱ्याला दुसरा कुठला मिळणार?

जगात इतरत्र हाच धागा सापडतो. ‘स्टार ट्रेक : लोअर डेक्स’ (२०२०–२०२४) येणार म्हटल्यावर, गंभीर मालिकेची आता टिंगल होणार अशी धास्ती होती, निर्माता माइक मॅकमहॅन ‘रिक अँड मॉर्टी’कडून आलेला, म्हणून ती जास्तच. शीर्षकदृश्यातच सेरिटोस हे यान मोठ्या लढाईत शिरते, समोरचा रागरंग पाहते आणि गुपचूप वळून पळ काढते. हसू येते, कारण यान, शत्रू आणि लढाई सगळे मूळ मालिकेच्या नियमांनुसार आहे. पळपुटेपणा तेवढा नवा. उलट ‘स्टार वॉर्स : डीटूर्स’ ही विनोदी मालिका बरीचशी तयार होऊनही प्रदर्शित झालीच नाही. आपल्याकडे अलीकडचे उदाहरण ‘बुज्जी अँड भैरवा’चे : ‘कल्कि २८९८ एडी’च्या आधी, ३१ मे २०२४ रोजी आलेले दोन भाग. चित्रपट २७ जूनला आला. मूळ सिनेमाच पाहिलेला नसल्याने प्रेक्षकाला तक्रार करायला जागा नव्हती, उलट बुज्जी ही बोलकी गाडी ओळखीची होऊन बसली.

‘बुज्जी अँड भैरवा’चे काम हैदराबादच्या ग्रीन गोल्डचे. मुंबईतल्या सिनेमाचे कार्टूनही मुंबईत होतेच असे नाही : मुंबईत जन्मलेल्या ‘क्रिश’चे कार्टून केरळात झाले, तर घाटकोपरला लालबहादूर शास्त्री मार्गावरच्या क्रेस्ट स्टुडिओत मुंबईची पोरे ‘जेकर्स!’सारखी अमेरिकी मालिका आणि ‘अल्फा अँड ओमेगा’ (२०१०) हा लायन्सगेटचा लांडग्यांवरचा चित्रपट घडवत होती. अंधेरीच्या एमआयडीसीत मुख्यालय असलेल्या अ‍ॅपटेकच्या अरीना (१९९६) आणि पुढे मॅक या संस्थांमधून अ‍ॅनिमेशन शिकून बाहेर पडणाऱ्यांची पुढची पिढी शाळेत असताना जादूवर जीव टाकत होती. परक्या चित्रपटात वर्षानुवर्षे लांडग्याची शेपटी हलवणाऱ्याला आपल्या आवडत्या पात्राचा नियम कुठे चुकला, हे चटकन दिसते.

‘कोई... मिल गया’ ऑगस्ट २०२३ मध्ये, वीस वर्षांनी, पुन्हा चित्रपटगृहांत आला. मार्च २०२५ मध्ये राकेश रोशन यांनी ‘क्रिश ४’ जाहीर केला : दिग्दर्शन मालेचा नायक हृतिक रोशनकडे, निर्मितीत अंधेरीच्या यशराजचा सहभाग. पुन्हा एखादे कार्टून निघालेच, तर हिशेबात बसणारे मूल मालेत आधीच हजर आहे. ‘क्रिश ३’मध्ये रोहित सूर्याची शक्ती वापरून मेलेल्या कृष्णाला उठवतो आणि स्वतः जातो. त्यानंतर कृष्णा आणि त्याची पत्नी प्रिया यांना मुलगा होतो, आणि तो जन्मतःच हवेत तरंगू लागतो. त्याचे वय, शक्ती, सगळे सिनेमातच दाखवलेले आहे. आणि या बाळाकडून अजून कुणी शब्द घेतलेला नाही.