ओल्या वाळूंतील झाडें

वाळूंत पाणी टिकत नाहीं असें मीं भूगोलाच्या तासाला वर्षानुवर्षें शिकविलें. सोलापूरच्या नव्या पेठेंत राहणाऱ्यास तें खरेंही वाटतें. एकदां कोंकणांतून आलेला एक विद्यार्थी उठून म्हणाला, "गुरुजी, आमच्या वाळूंत तर पावसाळ्यांत पाणी तुंबतें." मुलगा बरोबर होता. वाळूखालीं चिकणमातीचा अगर कठिण थर असला, किंवा जमिनीखालचें पाणीच वर आलेलें असलें, म्हणजे पावसाळ्यांत मुळें गुदमरतात आणि उन्हाळ्यांत तींच तहानेनें व्याकुळ होतात. अशा जागीं कोणतें झाड लावावें?

फ्रान्सच्या नैर्ऋत्येस लांद नांवाचा असाच प्रदेश आहे. वाळूखालीं लोहयुक्त कठिण थर, आणि जमीन अगदीं सपाट. तेथील मेंढपाळ पायांस उंच काठ्या बांधून दलदलींतून चालत. शांब्रलां या अभियंत्यानें 1849 पासून आधीं चर खणून पाणी काढलें आणि मग पाइन वृक्ष लाविले. 1857 च्या कायद्यानें तेथील गांवांवर हें काम बंधनकारक झालें. अरण्य उभें राहिलें; मेंढपाळांचीं कुरणें मात्र गेलीं.

आपल्याकडे कारवारचा जिल्हा 1862 मध्यें मुंबई इलाख्यांत आला आणि 1868 च्या सुमारास तेथील किनाऱ्यावर सुरूची लागवड झाली. हें झाड मूळचें आग्नेय आशिया व ऑस्ट्रेलियाकडील किनाऱ्यांचें. याच्या मुळांवरील गांठींतले सूक्ष्म जीव हवेंतील नत्र झाडास पुरवितात, म्हणून निकस वाळूही त्यास पुरते. 1883 च्या सुमारास तरुण रवींद्रनाथ ठाकूर कारवारास राहिले, तेव्हां त्यांनीं हीं सुरूचीं बनें पाहिलीं. त्यांचे वडील बंधु सत्येंद्रनाथ तेथें न्यायाधीश होते. (याच सत्येंद्रनाथांनीं आमच्या सोलापुरांतही न्यायदान केलें आहे.)

परंतु सुरूला फार दिवस तुंबलेलें पाणी मानवत नाहीं. जेथें पाणी वरच असतें तेथें मुळें खोल जात नाहींत. शिवाय त्याच्या पाचोळ्याच्या जाड थराखालीं दुसरें कांहीं सहसा उगवत नाहीं. 3 जून 2020 रोजीं निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आदळलें, तेव्हां नारळी-पोफळींच्या बागांबरोबर सुरूचीं बनेंही आडवीं झालीं.

कोंकणचीं स्वतःचीं झाडें मात्र जुनींच आहेत: उंडी, भेंड, करंज, आणि अगदीं ओलसर खोलगटांत केवडा. उंडीच्या बियांचें तेल दिव्यांत जळे, लांकूड होड्यांस लागे. अशीं झाडें सोडून परक्या झाडाकडे धांव कां घेतली गेली, याचें मला पूर्वी नवल वाटे. पुढें कळलें. सुरू थोड्या वर्षांत सरपणास तयार होतो, आणि उंडी फार सावकाश वाढते. तेव्हां ज्यास लवकर लांकूड हवें होतें, त्यानें उंडीकडे पाहिलें नाहीं.

आज कोणी अशा जमिनींत उंडी लावणार असेल, तर त्यानें प्रथम चर खणावा, निघालेल्या वाळूचा वरंबा करावा, आणि रोप त्या वरंब्यावर लावावें.